डावीकडचा खण

काशीदसरांनी डबा उचलला, कानाशी धरला आणि डोळे मिटले. डोळे मिटायची त्यांना गरज नव्हती, जन्मापासून दिसतच नव्हतं. पण मन लावून ऐकायचं असलं की ते मिटायचे.

"हा घरघरतोय," ते म्हणाले. "दम्याचा पेशंट आहे. पुढचा दे."

रशीद तांबोळीनं हसत दुसऱ्या डब्याला वायर जोडली. बार्शीत तेव्हा कॉम्प्युटरची चार-पाच दुकानं होती, पण सर रशीदशिवाय कुणाकडं जायचे नाहीत. रशीद वस्तू त्यांच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचा. बाकीचे दुकानदार त्यांच्याशी आवाज चढवून बोलायचे, दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं समजून.

"ह्याचा पंखा बारीक आहे, सर. माझ्या घरी टीव्हीमागं ठेवला होता, बायकोला आठवडाभर पत्ता नाही."

"बायकोचे कान दाखवून आण आधी," सर म्हणाले. पण डबा कानापासून हलवला नाही, म्हणजे तो पसंत पडत चालला होता.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. भगवंताच्या देवळामागच्या आळीत, बंद पडलेल्या एका छापखान्याच्या माडीवर आमचं 'श्रुती ग्रंथालय' चालायचं. अजून चालतं. सर बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढलं. आम्ही सातजणी तिथं पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचो, दिसत नसलेल्या मुलांसाठी. शाळेची, कॉलेजची, आणि सुट्टीत कथा-कादंबऱ्या. माझा आवाज मुळात खालचा. घरात हाक मारली तर दुसऱ्या खोलीत पोचत नाही. पण सर म्हणायचे, "धारूरकरबाई, तुमचं वाचन म्हणजे कुणीतरी शेजारी बसून सांगतंय. मुलांना झोपही येत नाही आणि भीतीही वाटत नाही."

तोवर ही सगळी पुस्तकं पाच सुट्या डिस्कांवर होती. दर शनिवारी मी त्या पिशवीत घालून एसटीनं सोलापूरच्या वसतिगृहात न्यायची, मुलं हवं ते उतरवून घ्यायची. त्या उन्हाळ्यात पाचातली एक डिस्क बंद पडली ती पडलीच. चाळीस पुस्तकं गेली. त्यांतली नऊ पद्मिनीबाई वेलणकरांनी वाचलेली होती, आणि पद्मिनीबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. पुन्हा वाचा म्हणून कुणाला सांगणार? सर तीन दिवस ग्रंथालयात आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते म्हणाले, "असं परत होता कामा नये. चला रशीदकडं."

रशीद समजावून सांगत होता. "ह्यात दोन खण आहेत, दोन डिस्का बसतात. मागं हे बटण. इकडं सरकवलं की दोन्ही मिळून एक मोठी डिस्क होते, आठ टीबीची. तिकडं सरकवलं की जे एकीवर लिहाल तेच दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी राहते."

"म्हणजे आठातले चारच वापरायचे?" सर म्हणाले. "आणि दुसरी नुसती करवलीसारखी मिरवायची?"

मी सरांच्या शेजारी उभी होते. "करवली नाही, सर," मी म्हणाले. "देवापुढं दोन समया असतात. एक विझली तरी अंधार होत नाही."

"समई विझली की तुम्हाला दिसतं, बाई. मला कोण सांगणार?"

"लाल दिवा लागतो ना, सर," रशीद म्हणाला. "जी डिस्क गेली, तिच्या खणावर."

"लाल दिवा लागला तर मी काय ओवाळू?"

रशीद चपापला. मग आत गेला आणि तिसरा डबा घेऊन आला. तो थोडा जड होता, वर धरायला मूठ होती. "हा बोंबलतो," तो म्हणाला.

"बोंबलून दाखव."

रशीदनं चालू डब्यातली एक डिस्क सर्रकन ओढून काढली. डबा असा किंचाळायला लागला की शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट दारात येऊन उभा राहिला. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी एकदा मूठ धरून वजन पाहिलं, मागचं बटण बोटानं चाचपलं, समोरचे दोन खण चाचपले, आणि म्हणाले, "हाच. आणि बटण बाईंच्या समयांकडं सरकव."

एक जादा डिस्कही घेतली, वेळेला असावी म्हणून. निघताना रशीद म्हणाला, "सर, एक ऐका. डिस्का दोन असल्या तरी घर एकच आहे. आणखी एक नक्कल दुसरीकडं कुठंतरी ठेवा. सोलापूरला म्हणा."

"ठेवू की," सर म्हणाले.

ते 'ठेवू की' पावणेदोन वर्षं तसंच राहिलं.

माझे नियम फार मोठे नाहीत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः घ्यायचं नाही, रोज एक अध्याय, सोमवारी एकभुक्त. कुणाला सांगावं असं त्यात काही नाही. एक मात्र लोकांना कळायचंच, कारण ते लपवता येत नाही. दर एकादशीला सूर्योदयापासून देवळातली दुपारची घंटा होईपर्यंत मी मौन पाळते. कशासाठी, हे तेव्हा फक्त माझ्या यजमानांना ठाऊक होतं.

एकादशीला मी शक्यतो दुपारनंतरच ग्रंथालयात जायची. पण कधी वाचायचं नसेल, नुसतं कापणं-जोडणं असेल, तर सकाळीही जायची. पाटीवर लिहून दाखवावं तर सरांना त्याचा काय उपयोग? म्हणून त्यांनीच युक्ती काढली होती. ते विचारणार, मी टेबलावर टिचकी मारणार. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "एकादशीला बाई फार मुद्देसूद बोलतात," असं ते सगळ्यांना सांगायचे.

ती विजया एकादशी होती, माघ वद्य. बारावीची परीक्षा आठवड्यावर आली होती. सोलापूरच्या वसतिगृहातून अंबिका गायकवाड नावाच्या मुलीचा दिवसाआड फोन यायचा. "काकू, इतिहास कधी? मागच्या वेळी मी इतिहासातच राहिले. यंदा राहिले तर बाबा गावाकडं नेतो म्हणाले." तिला मी शब्द दिला होता. इतिहास वाचून झाला होता, खोकले-अडखळे कापायचे राहिले होते. म्हणून त्या दिवशी सकाळी दहालाच माडी चढले.

"आलात?" सर म्हणाले. त्यांना माझ्या अष्टगंधाच्या वासावरून कळायचं. "बोलू नका, बोलू नका. बसा."

मी टिचकी मारली आणि बसले. टेबल खोलीच्या मधोमध. एका बाजूला कॉम्प्युटर आणि मी, माझ्या समोर तोंड करून डबा. टेबलाच्या पलीकडं सर.

अकराला दहा-बारा मिनिटं असतील. डबा किंचाळला.

पावणेदोन वर्षांत तो पहिल्यांदाच बोलला होता. माझ्या हातातला माऊस सुटला. सर मात्र शांत होते. "चला, एक गेली," ते म्हणाले. "म्हणून तर आणला." त्यांनी रशीदला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडं बँड वाजत होता. रशीद कुर्डुवाडीला भाचीच्या लग्नात होता.

"घाबरू नका सर. लाल दिवा कुठल्या खणाला आहे बघायला सांगा. ती डिस्क काढा, त्याच खणात नवी घाला. डबा बंद करू नका. तो आपला आपण भरून घेईल."

"आणि तेवढ्यात दुसरी गेली तर?"

"दुसरी गेली तर मग…" रशीद म्हणाला आणि बँडनं त्याचं वाक्य गिळलं. सरांनी फोन ठेवला.

"ऐकलंत ना?"

एक टिचकी. डब्याच्या आवाजात ती त्यांना ऐकू यावी म्हणून जोरात मारावी लागली, बोट दुखलं.

"लाल कुठला? डावा?"

मी पाहिलं. डाव्या खणावर लाल, उजव्यावर निळा. एक टिचकी.

"डावा. ठीक. नवी डिस्क आतल्या कपाटात आहे, किल्ली तुमच्याकडंच. घेऊन या, तोवर मी हिला काढतो."

मी आतल्या खोलीत गेले. कपाटाचं कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. पदर गुंडाळून फिरवली, खोबरेल घातलं, मग फिरली. डिस्क काढून, तिची वेष्टणं सोडवत बाहेर आले, तर सर खोलीत नव्हते. डबा किंचाळतच होता. आणि पडद्यावरची पुस्तकांची यादी गेली होती. तीनशे बारा नावं. त्या जागी नुसतं पांढरं.

मी डब्याकडं पाहिलं. एका खणात काळोख, एका खणात डिस्क. डिस्कवर लाल दिवा. माझ्या डाव्या हाताचा खण भरलेला होता. रिकामा होता तो उजवा.

सर टेबलाच्या पलीकडं उभे होते. डबा न फिरवता, वरून वाकून, हात पुढं घालून त्यांनी डावी डिस्क काढली होती. त्यांची डावी.

तरीही मला धीर होता. काढली तर काढली, परत घालता येईल. पण सर ती घेऊन गेले कुठं, हे मनात आलं आणि तो धीर सुटला.

प्रकाशकांकडून आम्ही पुस्तकं वाचायची परवानगी घेतो. तेव्हा लिहून देतो की ही ध्वनिमुद्रणं फक्त दिसत नसलेल्या मुलांसाठी आहेत, दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देणार नाही. या शब्दाला सर फार जपायचे. म्हणून खराब किंवा जुनी डिस्क भंगारात द्यायची नाही, त्याच दिवशी फोडायची, हा ग्रंथालयाचा रिवाज होता. खाली मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता. त्यावर गोणपाटात गुंडाळून, हातोड्यानं. बंद पडलेली ती एक, आणि पुस्तकं डब्यात उतरल्यावर उरलेल्या चारही डिस्का सरांनी स्वतःच्या हातानं तिथं फोडल्या होत्या. त्या कामात त्यांना कुणाची मदत लागत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

मी खिडकीशी धावले.

सर अंगणात उकिडवे बसले होते. गोणपाटाची घडी दगडावर ठेवून ते तिच्यावरून तळवा फिरवत होते. आत डिस्क. हातोडा गुडघ्याला टेकवून ठेवलेला. जिना उतरून, बोळातून वळसा घालून अंगणात जायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं नव्हती.

खिडकीच्या चौकटीवर मी टिचक्या मारल्या. मागं डबा किंचाळत होता, मलाच त्या ऐकू आल्या नाहीत. हात हलवून काय होणार? काही फेकावं तर त्यांच्या डोक्यात बसायचं.

सरांनी हातोडा उचलला आणि नेम धरायला गोणपाटावर हलकेच टेकवला. टक्.

आमच्या बार्शीचा भगवंत अंबरीष राजासाठी इथं आला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. द्वादशी सरत आली, पारणं तर वेळेत फेडायला हवं, आणि जेवायला बोलावलेले दुर्वास ऋषी नदीवरून परतलेले नाहीत. राजानं काय केलं, तर घोटभर पाणी घेतलं. उपास सुटलाही आणि सुटला नाहीही. ती गोष्ट मी कैकदा वाचली असेल. त्या खिडकीत मला तेच सुचलं. मी टाळ्या वाजवल्या. तोंड न उघडता, जीव खाऊन.

सरांनी मान वर केली. त्यांना ऐकू गेलं होतं. माझा श्वास मोकळा झाला.

"अहो बाई," ते खालून हसत म्हणाले, "टाळ्या कसल्या वाजवताय? अजून फुटायचीय."

आणि हातोडा खांद्यापर्यंत नेला.

"सर, थांबा! चांगली आहे ती. लाल दुसरी आहे."

तो आवाज माझा होता, हे मला क्षणभर कळलं नाही. माझा आवाज कधी अंगण ओलांडून गेला नव्हता. समोरच्या भिंतीवरची कबुतरं उडाली.

सरांचा हात वरच राहिला. मग सावकाश खाली आला, आणि हातोडा त्यांनी बाजूला मातीत ठेवला. चेहरा माझ्या दिशेनं वळवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, अजून बारा वाजले नाहीत."

मी जिना कसा उतरले आठवत नाही. गेले तेव्हा ते गोणपाट उलगडत होते. डिस्क त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली, ताटातला प्रसाद धरावा तशी.

"टेकवला होता मी हातोडा," ते म्हणाले. "कोपऱ्यावर. बघा."

एका कोपऱ्याला नखाएवढी चीर होती, वरच्या प्लास्टिकच्या कडेला. आतलं कुणाला दिसणार?

"चीर आहे. कडेला," मी म्हणाले. एकदा मोडलंच होतं. आता गप्प राहून काय राखणार होते?

वर आल्यावर सरांनी पुन्हा रशीदला लावला. या वेळी तो बँडपासून लांब जाऊन बोलला. सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डबा बंद करा. लालवाली काढा, तिला हात लावू नका. चांगली होती तिच्या खणात परत घाला. तिच्याच. मग चालू करा."

"आणि?"

"आणि बिस्मिल्ला म्हणा, सर. दुसरं काय."

या खेपेला सर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी त्यांचा हात धरून उजव्या खणावर नेला. सव्वीस वर्षं बँकेचा स्विचबोर्ड चालवलेल्या बोटांनी त्यांनी तो खण दोनदा चाचपला. डिस्क आत सरकली, खट् झालं. मी बटण दाबलं.

पंखा फिरू लागला. उजव्या खणावर दिवा लुकलुकला, विझला, परत लुकलुकला. मी मनातल्या मनात भगवंताला काही मागायला गेले आणि थांबले. आज कुठल्या तोंडानं मागणार होते?

दिवा निळा झाला.

रिकाम्या खणासाठी डबा परत किंचाळू लागला. मी नवी डिस्क डाव्या खणात सरकवली, आणि तो एकदम गप्प झाला. सरांनी डोळे मिटले होते.

"झाला शांत," ते म्हणाले. "यादी?"

"येतेय." वरून खाली नावं उतरत होती. मी मोजली नाहीत, शेवटचा आकडा पाहिला. "तीनशे बारा."

"वाजवा एक."

मी इतिहास लावला. पोकळ सुरुवात, माझा एक श्वास, आणि मग माझाच आवाज, खालचा, शेजारी बसून सांगितल्यासारखा. "प्रकरण चौथे." सर खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसू लागले. काळा चष्मा, पुसायला त्यात काही नसायचं.

"अंबिकेला फोन करा," ते म्हणाले. "शनिवारी मिळेल म्हणावं."

तेवढ्यात देवळातली घंटा झाली. बाराची.

अंबिकेला फोन केला नाही मी. आधी श्रीरंगला लावला, माझ्या मुलाला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावला.

"कुणाला लावताय, बाई?"

"श्रीरंगला. उचलत नाही."

"कामावर असेल."

पुण्याला एका विमा कंपनीत तो फोनवर बोलायचं काम करायचा, आणि मोबाईल कपाटात ठेवून आत जावं लागायचं. मला ते माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता. मी जमिनीवर बसले आणि सरांना सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या कुणाला तरी सांगत होते.

श्रीरंग पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. ऐकू यायचं, कळायचं, हसायचा. शब्द नाही. सोलापूर झालं, पुणं झालं, मिरज झालं. डॉक्टर म्हणायचे वाट बघा. सासूबाई काही म्हणायच्या नाहीत, पण पंगतीत त्याला दुसरीकडं बसवायच्या. एका एकादशीला मी भगवंताच्या गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, याला वाचा दे, माझी घे. सगळी घेऊ नकोस, संसारात लागते. एकादशीची घे. अकराव्या दिवशी मी त्याच्या भातावर दुसऱ्यांदा आमटी वाढत होते, तर त्यानं ताटावर हात धरला आणि म्हणाला, "नको."

"आणि आज मी ती परत घेतली," मी म्हणाले. "दिलेली वस्तू."

सरांनी डब्याकडं कान वळवला. डबा एकसारखा बारीक कुरकुरत होता. एकीवरचं दुसरीवर उतरत होतं. रशीदनं सात तास सांगितले होते.

"किती एकादश्या झाल्या?" त्यांनी विचारलं.

"साडेचारशेच्या वर असतील."

"साडेचारशे. आणि एक सकाळ खराब झाली की तुमचा देव सगळंच पुसून टाकतो?"

मी परत श्रीरंगला लावला, वाजून बंद झाला.

"मग त्याच्यापेक्षा रशीदचा डबा बरा म्हणायचा," सर म्हणाले. "मी देवाधर्माचा माणूस नाही, बाई. पण तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवलंत, ते त्यानं एकाच जागी ठेवलं असेल असं मला वाटत नाही."

मग ते उठले. माझ्याकडं पाठ करून मांडणीवरच्या वस्तू चाचपू लागले. "चूक माझी आहे. कुणाचा डावा, हे विचारायला हवं होतं. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, 'इकडं-तिकडं म्हणू नका, माझ्या कुठल्या हाताला ते सांगा.' आणि वेळ आली तेव्हा स्वतः विसरलो. खाली वॉचमनच्या बायकोकडं ज्वारी असेल. दोन दाणे आणा. आणि डिंक."

मी आणले. त्यांनी डाव्या खणाच्या कडेला ज्वारीचा एक दाणा चिकटवला आणि दाबून धरला. "हा एक नंबर. आता डावं-उजवं नाही. दाण्याचा, आणि बिनदाण्याचा." दुसरा दाणा त्यांनी तोंडात टाकला. मी माझ्या करंड्यातलं कुंकू घेऊन दाण्याला ठिपका लावला, मला लांबून दिसावं म्हणून. त्यांना ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "लावा, लावा. शेवटी ओवाळणार तुम्ही त्याला."

मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

दीड वाजता फोन वाजला. माझ्या हातातच होता, तरी दोनदा वाजू दिला.

"आई? सात वेळा फोन? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणाले. "तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"अगं, पण एकादशी ना आज? घंटा झाली का तुझी? मी मुद्दाम दीडपर्यंत थांबलो. म्हणजे थांबलो काय, आमच्या साहेबानं सोडलंच नाही. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची पॉलिसी…" आणि त्यानं त्या गृहस्थांची पॉलिसी सांगितली, मग त्यांच्या सुनेची, मग मेसच्या साबुदाण्याच्या खिचडीत मिरची नव्हती ते, मग खोलीतल्या मुलाचं लग्न ठरलंय ते, मुलगी वैरागची आहे, आपल्या ओळखीतली निघेल, विचारशील का कुणाला. मी हं, हं करत होते. डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हते, पुसायला एक हात मोकळा हवा होता आणि दोन्ही हातांनी मी फोन धरला होता.

सरांचे कान तिखट. टेबलाच्या पलीकडं बसून त्यांना सगळं ऐकू येत होतं. दहा मिनिटं झाली असतील. डबा कुरकुरत होता, दाण्याचा डिंक वाळत होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हा पोरगा कधी थांबतो की नाही?"

मी फोनवर हात ठेवला.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही थांबत."